गार होईपर्यंत

इस्माईलचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी संगमनेरला नणंदेकडे होते. चाचांची सून बोलत होती. मी निघाले खरी, पण नागापूरला चाचांच्या घरी पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. तिथंही मला उशीरच झाला...

एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात चाचा लेथवर लोखंड कातायचे. मी डिप्लोमा करून तिथं तपासणीला लागले. मशीनवर कातून उतरलेला जॉब चाचा एका लोखंडी पाटावर ठेवायचे, चहा पिऊन यायचे, पालथा हात लावून बघायचे आणि मगच माप घ्यायला मायक्रोमीटर उचलायचे. मला वाटायचं, म्हातारा कामचुकार दिसतोय. फार शहाणी होते ना मी!

एकदा घाईची ऑर्डर होती. मी तापलेलेच शाफ्टचे दांडे मोजले. माप जास्त भरलं. अजून एक कट घ्या, थोडं कातून काढा, असं मी फर्मावलं.

"गार हू द्या म्याडम, आपोआप बसंल मापात," चाचा म्हणाले.

मला शिकवू नका, म्हटलं मी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला! त्यांनी मुकाट्यानं सगळ्यांवर कट घेतला. डबा खाऊन आलो तर गार झालेले शाफ्ट आकसून मापाखाली गेलेले. अख्खा लॉट भंगारात.

मॅनेजर तणतणत आले, कुणाची चूक म्हणून. माझी नोकरी कायम व्हायला महिनाच उरला होता. मी नोंदवहीत डोकं खुपसलं. चाचा म्हणाले, "माझीच घाई झाली, साहेब." त्या वर्षी ते फोरमन होणार, हे ठरल्यातच जमा होतं. झाले नाहीत. लेथवरूनच निवृत्त झाले.

याबद्दल ते मला चकार शब्द बोलले नाहीत. उलट, पुढं शिकवलं त्यांनीच. एकदा साहेबांशी वाजलं म्हणून मी तावातावानं राजीनामा लिहिला, तर चाचांनी तो माझ्या हातातून घेऊन त्या पाटावर ठेवला. उद्या बघू, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मीच तो फाडला. आज त्याच कारखान्यात तपासणी विभाग माझ्याकडे आहे.

दर ईदला मी त्यांच्याकडे शीरखुर्मा प्यायला जायचे. आज माफी मागायचीच, असं ठरवून जायचे आणि त्यांच्या गुडघेदुखीचं, पोराबाळांचं बोलून परत यायचे. भित्री ती भित्रीच.

परवा चाचींना भेटायला गेले. तिथं मात्र रडत रडत सगळं सांगितलं. चाचींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तू गेलीस की दरवेळी म्हनायचे, पोरीच्या मनात कायतरी हाय. मी म्हनायची, मग इचारा की तिला. तर म्हनायचे, गार हू दे, सांगंल तीच."

इतकी वर्षं वाट बघितली हो त्यांनी... आणि मी शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या करत बसले.

तो पाट अजून लेथजवळच आहे. काल कामावर गेल्या गेल्या मी त्याच्यावर पालथा हात ठेवला. गारच होता. तिथून तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. हे मॅनेजर नवीन, त्यांनी चाचांना पाहिलेलंही नाही. तरी सांगितलं, आणि इथंही लिहिते : तो कट मी घ्यायला लावला होता.