पन्नासची लेन्स आणि मुठ्यातला फोटो

तात्यांना लेन्सबद्दल काही विचारलं की ते आधी माणसाला भिंतीला टेकवायचे. पिरंगुटच्या बाजारात त्यांचा छोटा स्टुडिओ होता. गिऱ्हाईक हौसेनं सांगायचं, "तात्या, डिजिटल कॅमेरा घेतोय, लेन्स कुठली घेऊ?" तात्या म्हणायचे, "आदी मागं सरा." माणूस सरायचा. "अजून." पाठ भिंतीला लागली की तात्या विचारायचे, "तुमच्या घरात एवढं तरी मागं जाता येतं का? न्हाई ना? मग मोठ्या लेन्सचं नाव काढू नका."

कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा मीही त्या भिंतीला टेकलो. डिजिटल एसएलआर नुकते आमच्यासारख्या पगारदारांच्या आवाक्यात येऊ लागले होते. मी त्यातला सगळ्यात स्वस्त घेतला होता आणि सगळ्यात महाग असल्यासारखा गळ्यात मिरवत होतो. तात्या स्वतः अजून रोलवर काम करत. पण कॅमेरा हातात घेऊन दोनदा फिरवून म्हणाले, "साहेब, याच्यासंगं आलेली लेन्स वाईट न्हाई. सहा म्हैने तीच वापरा. कुटं अडतंय ते बघा. जितं अडंल, तितली लेन्स घ्या."

इतका साधा सल्ला ऐकायला मी बत्तीस वर्षं नोकरी केली नव्हती. पुढच्याच आठवड्यात शहरात जाऊन सत्तर ते तीनशे एमएमची लांबलचक लेन्स घेऊन आलो. तशा लेन्सांमध्ये ती स्वस्तच होती, पण दिसायला तोफ. तात्यांनी ती वजन केल्यासारखी हातावर तोलली.

"हिच्यातनं काय काढणार?"

"पक्षी," मी म्हणालो.

"पक्षी तुमच्या वळखीचे हायेत का?"

मी लेन्सचं झाकण लावलं. मग त्यांनीच समजावलं, "ही उन्हातली लेन्स हाय, साहेब. मांडवात आंधळी हुती." त्यांनी कपाटातून एक लेन्स काढली. चहाच्या कपाएवढी, काळी, कडा घासलेली. पन्नासची. "ही घेऊन जा. हिला अंधारातबी दिसतं. नवी घ्याल तर तुमच्या तोफेच्या मानानं चिल्लर हाय, पण आदी वापरून बघा. फकस्त तुमच्या कॅमेऱ्यात मोटर न्हाई, तवा फोकस हातानं करावा लागंल. आन घरात लावू नका, वहिनींचं नाक येईल, वहिनी न्हाई यायच्या."

आता मुठा गावातल्या लग्नाचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलो आहे.

मुठ्याच्या सरपंचांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. फोटोचं काम तात्यांचं. मी हौशी, त्यांच्या मागेमागे. तात्यांनी सकाळीच माझ्या कॅमेऱ्याला पन्नासची लेन्स लावून दिली होती. दिवसभर मी तिची रिंग फिरवत होतो आणि माणसं धूसर करत होतो. पाठवणीच्या वेळी उजेड उतरला होता. मुलगी गाडीकडे निघाली आणि तिच्या चपलेचा पट्टा सुटला. भरजरी शालू, दोन्ही हातांत नारळ आणि ओटी. तिला वाकता येईना. आणि सरपंच, ज्यांनी आमदारापुढेही कधी मान वाकवली नव्हती, ते लेकीच्या पायाशी खाली बसले आणि पट्टा लावू लागले. पट्टा लागेना.

तात्यांचा रोल नेमका तेव्हाच संपला होता. त्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला, चार पावलं मागे सरले, रिंग फिरवली आणि एकदाच बटण दाबलं. कॅमेरा मला परत दिला आणि नवा रोल भरू लागले.

फोटो माझ्या कार्डात होता, म्हणून तो मोठा छापून मीच नेऊन दिला. सरपंचांनी तो उजेडात धरला. तात्या तिथंच होते, लग्नाचा अल्बम घेऊन आले होते. सरपंचांनी विचारलं, "साहेब, तुमी काढला ह्यो?"

एक "नाही" पुरलं असतं. मी म्हणालो, "त्याचं काय आहे, लेन्स मोठी असली की असे फोटो येतात."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अल्बम पुढे सरकवत म्हणाले, "साहेबांचा हात बसला आता." एवढंच. गिऱ्हाइकाच्या दारात भांडायचं नाही, हा त्यांचा नेम होता. त्या नेमाचा फायदा मी घेतला.

फोटो सोनेरी चौकटीत दर्शनी भिंतीवर लागला. खाली सोनेरी अक्षरांत माझं नाव. जमिनीच्या व्यवहारासाठी येणारी माणसं तो बघत आणि नाव वाचत. धाकट्या मुलीच्या लग्नाला सरपंचांनी मलाच बोलावलं. मी मोठ्या मनानं, काही न घेता गेलो. पेन्शन चालू असलेल्या माणसाचं मन फार लवकर मोठं होतं.

त्या लग्नाला तात्या पाहुणे म्हणून आले होते. मांडवात माझी तोफ बघून जवळ आले, हळूच म्हणाले, "साहेब, ती काढा. माजी लावा." पन्नासची लेन्स माझ्या पिशवीतच होती. पण लोक बघत होते. एवढ्या लोकांसमोर तोफ काढून कप कसा लावायचा?

फोटो सगळे हलले. त्यावर सरपंचांनी मांडवातल्या लाइटवाल्याला झापलं. मी त्याच्या बाजूनंही बोललो नाही.

तरी पुढची बोलावणी मलाच. पार चांदे गावापर्यंत बोलबाला झाला : साहेब फुकट येतात आणि लेन्सबी मोठी हाय. तात्यांचा हात थकला, डोळे गेले, असंही कुणीतरी जोडून दिलं. वर्षाच्या आत स्टुडिओ बंद झाला आणि तात्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. मी लेन्स परत द्यायला गेलो तेव्हा ते एका ट्रकवाल्याला रिव्हर्स घ्यायला लावत होते. "मागं... अजून... अजून... बास!" मला बघून हसले. "हितं बरं हाय, साहेब. हितं मागं सर म्हणलं की लोकं ऐकत्यात." लेन्स त्यांनी घेतली नाही. "ठिवा. माज्या कॅमेऱ्याला आता रोलच मिळंना."

माफी मागायची म्हणून मी अजून दोनदा त्या गेटवर गेलो. दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. तिसऱ्या वेळी गेटवर दुसरा माणूस होता. तात्या तापाच्या आजारात गेले होते.

दहाव्याच्या आधी त्यांच्या बायकोनं मला विचारलं, "ह्यांचा एखादा फोटो असंल तर द्या. आमच्याकडं एकबी न्हाई." अर्ध्या मुळशीचे फोटो काढणाऱ्या माणसाचा फोटो नव्हता. मी सगळं धुंडाळलं. धाकटीच्या लग्नातल्या एका फोटोत, कडेला, तात्या सापडले. माझ्या मोठ्या लेन्सनं काढलेले, हललेले. मी शरमत तो दिला. त्या बघत म्हणाल्या, "असंच हुते. कदी एका जागी थांबले न्हाईत." हार त्याच फोटोला घातला गेला.

मग मात्र मी मुठ्याला गेलो. सरपंचांसमोर बसून सगळं सांगितलं. ते शांतपणे सुपारी कातरत होते.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "खाली बसलो तवा तात्याचाच आवाज आला हुता. वर बघू नका म्हणला."

"मग माझं नाव का घातलंत?"

"साहेब, तात्यानं काढला म्हणलं असतं, तर कोन थांबून बघतंय? तुमी कंपनीतलं मोठं मानूस."

नाव तरी बदलू या, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. इतकी वर्सं पाव्हण्यांना तुमचं सांगितलं. आता खोटं कसं पडू?"

म्हणून त्या चौकटीखाली जे लिहिता येत नाही ते इथं लिहितो. मुठ्यातल्या सोनेरी चौकटीतला फोटो तात्यांनी काढला आहे. माझ्या संगणकात त्याची मूळ प्रत आहे आणि तिच्यात कॅमेऱ्यानं लेन्सच्या आकड्यापुढे पन्नास असं नोंदलेलं आहे. माझी तोफ सत्तरच्या खाली उतरतच नाही, म्हणजे लेन्सही तात्यांचीच. ज्याला खात्री करायची असेल त्यानं माझ्या घरी यावं. कपाएवढी लेन्सही दाखवीन. ती अजून माझ्याकडेच आहे.