दहा लाख एक

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. गणिताचा मास्तर गणितातच कसा आपटला, आणि भोगलं कोणी!

अकोल्याला आमचे सर. त्यांनी शिकवलं म्हणून मी आज अमरावतीत गणित शिकवतो. त्यांच्याकडे जाताना फळंबिळं न्यायची नाहीत, एक मोठा आकडा न्यायचा, हा आम्हा जुन्या विद्यार्थ्यांचा रिवाज. सर डोळे मिटून त्याचं कूळ सांगायचे. कशानंच भाग जात नसेल तर मूळ, जात असेल तर संयुक्त. कशानं जातो ते मात्र कधीच सांगायचे नाहीत. "तू करून पाय!" संपलं.

काकू गेल्यावर सर एकटे पडले. नावं विसरायला लागले. मुलगा पुण्याला न्यायला आला, तर सर घर सोडेनात. शेवटी त्यानं मला फोन केला. "दादा, तुम्ही येऊन बघा. डोकं शाबूत असेल तर राहू देतो इथंच."

झालं! मी लगेच परीक्षक! एसटीत बसल्या बसल्या आकडा निवडला, दहा लाख एक. सातानं भागलं, अकरानं भागलं, तेरानं भागलं... मूर्तिजापूर येईपर्यंत सत्त्याण्णव गाठलं. भाग कशानंच जाईना. खरं तर हजारापर्यंत बघायला पाहिजे, वर्गात मीच ओरडून सांगतो. पण कंटाळा हो! म्हटलं, शंभरापर्यंत कोणी भेटलं नाही, पुढं काय भेटणार? मूळच ही!

सरांनी डोळे मिटले.

"संयुक्त."

मुलगा माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"सर, मूळ हाये न हे."

"कुठंवर पायलं तू?"

"शंभरापर्यंत!" मी छाती फुगवून सांगितलं.

सर माझ्याकडे बघून हसले. "बरं बापू. तू म्हंतं तं असन."

मी मुलाला बाजूला नेलं आणि नुसती नकारार्थी मान हलवली. महिन्याभरात घर विकलं गेलं, सर पुण्याला गेले.

मग एकदा शाळेत मोकळा तास होता. हात शिवशिवले, म्हणून सत्त्याण्णवच्या पुढची मूळ संख्या घेतली. एकशे एक. भाग गेला! नऊ हजार नऊशे एक वेळा, बाकी शून्य.

तसाच फोन लावला. "सर, एकशे एकनं भाग जाते हो त्याले!"

"मले तवाच माईत होतं."

"मंग बोलले काहून नाई? घर गेलं न तुमचं!"

"अरे, मास्तर झाला तू आता. पोरासमोर तुह्या इज्जतीचा कचरा करू काय?"

मला रडू आवरेना. माझी इज्जत राखायला त्या माणसानं राहतं घर सोडलं! आणि इज्जत तरी केवढी हो माझी? शंभरापर्यंतची!