यमुनाबाईंच्या बापाची तिथी

यमुनाबाई गेल्याचं मला चौकातल्या फ्लेक्सवरून कळलं. वर मोठ्या अक्षरात ‘वीरकन्या’, खाली त्यांच्या चुलतभावाचा पोरगा गुणवंत हात जोडून, आणि मध्ये त्यांच्या बापाच्या, नामदेवच्या, डोक्यावर आजकालच्या पायलटचं हेल्मेट. नामदेव पायलट नव्हताच. दुसऱ्या मोठ्या लढाईत ब्रह्मदेशावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानात तो मागे तोंड करून मशीनगन घेऊन बसायचा. पण गुणवंतला कोण सांगणार? फ्लेक्सवर आपला चेहरा नीट आला की त्याचं दुःख पूर्ण होतं.

विमान परतलं नाही तेव्हा यमुनाबाई आईच्या पोटात होत्या. घरी ‘बेपत्ता’ एवढाच कागद आला, आणि याच गुणवंतच्या आज्यानं, नामदेवच्या सख्ख्या भावानं, गावभर सांगितलं, “पळाला असन. रंगूनले बाई ठेवून बसला असन.” पार सावरगावापर्यंत लोक हसले. आई मरेपर्यंत कुंकू लावत राहिली, तर बाया तिला हळदीकुंकवाला बोलावत नसत. पितृपक्षात तिथी ठाऊक नाही म्हणून नामदेवचं पान सर्वपित्रीला, उरल्यासुरल्यांसोबत. हसणारे जेवायला मात्र पहिल्या पंगतीत.

मी सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, तेव्हा राहायला पांढुर्ण्यात त्यांच्या शेजारी होतो; आता गावाच्या दुसऱ्या टोकाला. एक दिवस त्या कागद घेऊन आल्या. “गुरुजी, दिल्लीले पत्र लिहून द्या. माहा बाप कोणत्या दिवशी गेला, अन् तो कामावर होता का, एवढंच विचारा.” मी लिहून दिलं, आणि टाकतो म्हणून घेतलेलं पत्र अकरा दिवस पिशवीत तसंच ठेवलं. म्हातारीचं खूळ, दुसरं काय. त्या रोज विचारायच्या, “टाकलं का जी?” मी रोज हो म्हणायचो. गुणवंतला नावं ठेवायला बसलोच आहे, तर हेही सांगून टाकतो.

मग सुरू झाली पत्रापत्री... किती वर्षं, मोजली नाहीत. एका साहेबानं नामदेवचा मृत्यूचा दाखला मागितला. तोच तर बाई शोधून राहिली होती, पण पत्र वाचायचे कष्ट कोण घेतो? शेवटी विलायतेहून जुन्या नोंदवहीच्या एका पानाची नक्कल आली. तारीख, सकाळी उड्डाण, डोंगरावरच्या ढगात शिरताना शेवटचं दिसलं, पायलट आणि नामदेव दोघेही कामगिरीवर असताना बेपत्ता.

“म्हणजे पळाला नाही?”

“नाही.”

“पुन्हा वाचा.”

चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी त्या रडल्या, आणि मला ते अकरा दिवस आठवले.

रामाकोन्याच्या एका भटजींकडे त्या सालचं पंचांग निघालं. चतुर्थी. यमुनाबाईंनी पिठाच्या डब्यावरच्या भिंतीवर पेन्सिलीनं तसं लिहिलं. यंदा पहिल्यांदा बापाचं पान त्याच्या दिवशी वाढायचं होतं. पोळ्याच्या आधल्या आठवड्यात त्याच गेल्या.

गुणवंतनं खोली भाड्यानं द्यायला भिंत रंगवून घेतली. तिथीची आठवण दिली तर म्हणाला, “सर्वपित्रीले एकाच दिवशी सगळं उरकून टाकू ना, गुरुजी.” याच्या घराण्यात उरकण्याची मोठी परंपरा आहे.

मी असलं काही मानत नाही. तरी चतुर्थीला आमच्या घरी एक पान जास्तीचं वाढायला लावलं. बायकोनं विचारलं, “हे कोणाचं जी?”

“यमुनाबाईंच्या बापाचं,” म्हटलं. “ड्यूटीवर होता.”