घुबडाची जागा कुणी सांगितली

डॉक्टर कमलाकर उपासनी घराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघतो आणि चौथ्यांदा मला ओढायला लावतो. पस्तीस वर्षं त्याने केंब्रिजच्या आसपास भूल द्यायचं काम केलं. समोरचा पेशंट श्वास घेताना दिसत असला तरी तो खरंच घेतोय का, हे बघत राहण्याचाच त्याला पगार मिळत होता. तो रिटायर झाला, पगार थांबला, सवय तेवढी उरली. दुधाच्या बाटलीवरची तारीख, बायकोने सांगितलेला निरोप, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज, सगळ्यांकडे तो त्याच नजरेने बघतो. आमची मैत्री चाळीस वर्षांची आहे, पण म्हणून मला त्यातून सूट नाही.

आम्ही दोघं रोज सकाळी चालायला जातो. गाव संपलं की सपाट शेतं, पाण्याचे चर आणि बांधांवरून जाणाऱ्या पायवाटा. मी गुडघ्यांसाठी चालतो, तो पक्ष्यांसाठी. तिपाईवर दुर्बीण लावायची, तिच्या भिंगाला मोबाइल टेकवायचा आणि श्वास रोखून फोटो काढायचा, ही त्याची पद्धत. तेवढा वेळ मीही श्वास रोखायचा, असा नियम आहे. फोटो मात्र झकास येतात. ससे, बगळे, एकदा तर तीन पिल्लांना घेऊन बांध ओलांडणारी कोल्हीण.

गेल्या मे महिन्यात त्याला मार्गारेटच्या जुन्या कोठारात गव्हाणी घुबडाची जोडी सापडली. मार्गारेट सत्तरीची शेतकरीण, ट्रॅक्टर स्वतः चालवते, बोलते कमी. तिनेच आम्हाला फाटकापाशी थांबवून सांगितलं, की आत पिल्लं आहेत. जास्त त्रास झाला तर घुबडं पिल्लं टाकून निघून जातात. फाटकापासून हवं तितकं बघा, आत पाऊल टाकू नका आणि कुणापाशी एक शब्द बोलू नका. कमलाकरने छातीवर हात ठेवून शब्द दिला. मीही दिला. घरी येईपर्यंत त्याने माझ्याकडून तो आणखी दोनदा वदवून घेतला.

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही पोचलो तर फाटकापाशी सात माणसं, हातभर लांब लेन्स घेऊन. एक जण कोठारात शिरला होता आणि फ्लॅश मारत होता. भर उजेडात मादी बाहेर पडली, शेतावरून गेली आणि आम्ही होतो तोवर काही परतली नाही. कमलाकरने त्या दिवशी दुर्बीण पिशवीतून काढलीच नाही. एवढ्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

त्या माणसांना मार्गारेटने हाकललं. पण जागा कळली होती, त्यामुळे दर शनिवारी नवे येऊ लागले. परतताना कमलाकर शांतपणे म्हणाला, "हरीश, जागा तिघांना माहीत होती. मार्गारेट सांगणार नाही. मी कुणाला सांगितलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे यू डू द मॅथ्स."

मी संतापलो. तो थंड. "सुमनला सांगितलंस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "माझ्या बायकोला घरात घुबडाचं नाव काढलेलंसुद्धा चालत नाही. आपण बदकं बघतो असं सांगितलंय मी तिला." त्याने मान हलवली, म्हणजे हा मुद्दा तपासायच्या यादीत गेला.

मग त्याने माझी चाचणी घेतली. जुन्या पुलाखाली खंड्याचं बीळ सापडलंय, असं एकदा हळूच माझ्या कानात सांगितलं. मी दोन दिवस थर्मास घेऊन एकटाच तिथे बसलो. खंड्या नव्हता, कारण बीळच नव्हतं. मी ती बातमी फोडतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. बातमी फुटली नाही. त्यावर त्याचं निदान असं, की मी आता सावध झालोय. अशा माणसासमोर निर्दोष ठरायचं तरी कसं?

आणि एवढ्यावर तो थांबला नाही. मार्गारेटकडे जाऊन त्याने खेदाने सांगितलं, की हे बहुधा माझ्या मित्राकडून झालं असावं. ही गोष्टही मला त्यानेच सांगितली, लपवाछपवी त्याला आवडत नाही म्हणून. त्या दिवसापासून मार्गारेट ट्रॅक्टरवरून हात करेनाशी झाली. गावातल्या दुकानात ती समोरून आली की मी ब्रेडच्या मांडणीआड जायचो. काही न करता मी चोर झालो होतो. खरं सांगायचं तर मीही तोवर सगळ्यांवर संशय घेऊ लागलो होतो. आधी पोस्टमन, मग कुत्री फिरवणारी बाई, आणि एका सकाळी खुद्द मार्गारेट.

जुलैत आमच्या इथल्या मराठी मंडळाची पिकनिक होती. वडापाव खात असताना अनय आला. पुण्याचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी केंब्रिजला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला.

"उपासनीकाका, थँक यू हं! आमच्या ऑफिसमधली बर्डिंगवाली गँग तुमच्यावर जाम खूश आहे. बार्न आउल मिळालं त्यांना!"

कमलाकरचा वडा हातातच राहिला. "माझ्यामुळे?"

"तुमचा फोटो नाही का, ग्रुपवरचा. मी फॉरवर्ड केला."

कमलाकर रोज सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सुप्रभात' लिहून एक फोटो टाकतो. दोनशे चौदा माणसं आहेत त्यात. व्हॉट्सॲप फोटो पुसट करतं म्हणून तो फोटो फोटोसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, म्हणजे पिसन् पीस दिसतं. अनयने त्याच्यासमोर फोन धरला. "असं पाठवलं ना काका, की लोकेशनपण तसंच जातं. हे बघा." नकाशा उघडला. लाल खूण बरोबर मार्गारेटच्या फाटकावर होती.

"पण मी बाहेर कुणालाच..." कमलाकर म्हणाला आणि थांबला.

तो खोटं बोलत नव्हता. मंडळ म्हणजे बाहेर, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते घर होतं. आणि मला हसायचा हक्क नाही, कारण त्या घुबडाच्या फोटोंखाली मीही रोज सकाळी शाबासकीचा अंगठा टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्गारेटकडे गेलो. तोवर चारांतली दोन पिल्लं दगावली होती आणि मादी दिसत नव्हती. नर एकटाच उंदीर आणून टाकत होता. "मी एकटा जातो," कमलाकर म्हणाला. मी फाटकापाशी उभा राहिलो. माझ्यावरचा डाग आज धुतला जाणार म्हणून मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

तो पाच मिनिटांत परत आला.

"सांगितलंस?"

"तिला माहीत होतं."

"काय?"

"ती माणसं आली त्याच शनिवारी. जागा कशी कळली म्हणून तिने त्यांच्यातल्या एकाला विचारलं, त्याने फोटो दाखवला. कोपऱ्यात माझं नाव आहे. मी टाकतोच ना."

"मग ती इतके दिवस बोलली का नाही?"

"बोलणार होती, म्हणे. तेवढ्यात मी जाऊन तुझं नाव सांगितलं." तो कोठाराकडे बघत होता. "तिला वाटलं, स्वतः करून मित्रावर ढकलतोय. असल्या माणसाशी काय बोलायचं, म्हणाली. तुला हे कसं सांगायचं, याची तिला लाज वाटायची, म्हणून हात करत नव्हती."

"फोटोबरोबर जागा जाते याची तुला कल्पना नव्हती, हे सांगितलंस ना?"

"सांगितलं. 'ऑफ कोर्स, डॉक्टर,' म्हणाली आणि दार लावलं."

त्याने फाटकाची कडी लावली आणि ओढून बघितली. मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "हरीश, तुला तरी पटतं ना?"

मी हो म्हणालो. पण जरा उशिरा म्हणालो, आणि ते त्याच्या लक्षात आलं.