मोठीमाय, लवकी आणि पतंग

लवकीच्या, म्हणजे दुधी भोपळ्याच्या, वेलापायी मोठीमायला एकदा माहेरी हाकलणार होते.

आज सकाळी ती गेली. नव्वदी पार केली होती. माझ्या वडिलांची थोरली वहिनी.

स्वातंत्र्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी ती मानोऱ्याकडून लग्न होऊन आमच्या कारंज्याजवळच्या मळ्यात आली. वय तेरा.

त्या साली वांग्यांना अळी लागली. पतंगांपासून अळी होते, एवढं आजोबांना माहीत होतं. त्यांनी रोज संध्याकाळी वांग्यांशेजारच्या लवकीच्या मांडवाशी कंदील टांगला. खाली परातीत पाणी आणि त्यावर रॉकेल. पतंग दिव्यावर यायचे, परातीत पडून मरायचे.

काही दिवसांनी लवक्या बोटाएवढ्या होऊन पिवळ्या पडायला लागल्या. मग गळायला.

आजीने निकाल दिला. "नव्या सुनेचा हात लागून राह्यला वेलाले. म्हनून फय गयून राह्यलं."

दोन आठवडी बाजार झाले की तिला परत धाडायचं ठरलं. तेव्हा परत धाडलेल्या मुलीचं काय व्हायचं, ते लिहीत नाही.

मोठीमाय रडली. मग मांडवाकडे बघत बसली.

लवकीचं पांढरं फूल दिवस मावळताना उमलतं. परातीतून वाचलेला एखादा पतंग लांब सोंड घालून या फुलातून त्या फुलात जात होता. तोंडाला पिवळी भुकटी.

तिने तेच केलं. मागे लवकी नसलेलं, भुकटीचं एक फूल तोडलं आणि ज्या फुलांच्या मागे इवलीशी लवकी होती, त्यांच्यावर हलकेच घासलं. तिथे लुगड्याची चिंधी बांधली.

निघायच्या दिवशी रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपून तयार होती. सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. ती बोलली.

"मामाजी, जाच्या आदी मांडवाखाली या."

"काहून?"

"या तं खरं."

चिंधीच्या लवक्या चांगल्या हातभर झाल्या होत्या. बाकीच्या खाली पडल्या होत्या.

"याईले मी हात लावला. त्याईले नाई लावला."

"मंग त्या कायनं गयल्या?"

तिने परात दाखवली. "हे पाखरं फुलाफुलावर जात होते. तुमी मारून टाकले."

आजोबांनी परात उपडी केली. मग तिच्या दिराला म्हणाले, "बैल सोड."

कंदील बंद झाला. पतंग हळूहळू परतले, वेलांना फळं धरली. वांग्यातली अळी पूर्ण गेली नाही. पण कंदील नसल्याने अळीवर तुटून पडणारे बारके किडे तरी परातीत मेले नाहीत, असं मोठीमाय म्हणायची. किडकं वांगं ती कापून बाजूला टाकायची.

आजीने चूक कधीच कबूल केली नाही. फक्त पुढच्या वर्षी लवकीचं बी मोठीमायच्या हातात दिलं.

परागीकरण हा शब्द मी कॉलेजात शिकलो. सुट्टीत घरी येऊन तिला समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं. भाजी निवडत होती.

मी विचारलं, "तुले राग नाई आला तवा?"

"आला ना. पन मले बोलता तरी आलं. त्या पाखराईले कुठी येते?"

दुपारी मळ्याच्या धुऱ्याशी, बांधालगत, अग्नी दिला.

मोठीमाय, तुले शेवटचा रामराम.