मागे आत्या बसेल

गॅसवर दूध, एका हातात नवऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण आणि खांद्यात दाबून धरलेल्या फोनवर माझी आई, अशा अवस्थेत मी उभी होते तेव्हा दारावर टकटक झाली. बेल असताना दार वाजवणारी आमच्या इमारतीत एकच व्यक्ती आहे. तीही मुठीने नाही, एका बोटाच्या पेराने वाजवते. ऐकू आलं तर ठीक, नाहीतर मी आपली जाते, अशा बेताने. मी गॅस बंद केला, आईला ‘नंतर करते’ म्हटलं आणि दार उघडलं.

वरच्या मजल्यावरची आत्या होती. खरं तर ती वरच्या घरातल्या तीन मुलांची आत्या, पण इमारतीतले लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनवर काढली. ‘एक मिनिट हं, जोडते’ हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलंय की भाजीवाल्याने भाव सांगितला तरी आधी तेच निघतं. लग्न केलं नाही. धाकट्या भावाकडे राहते. भाऊ आता पन्नाशीला टेकलाय, पोट सुटलंय, ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसं आहेत, तरी हिच्या तोंडी तो छोटूच.

“तुझी गाडी आज खालीच आहे ना गं?” तिने विचारलं.

“आहे की. कुठे जायचंय?”

“जायचं कुठेच नाही. आत बसायचंय.” मग मागे जिन्याकडे एकदा बघून म्हणाली, “सगळ्यात मागे.”

मी तिला आत घेतलं. खुर्ची दिली तर टोकावर टेकली. हात मांडीवर होते, पण बोटं एकेक करून अंगठ्याला लागत होती, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं जप चाललाय. ती माणसं मोजत होती. छोटू, भावजय, मोठी मुलगी, दोघं जुळे. पाच. मग स्वतः. सहावी.

वरच्यांची छोटी गाडी आता त्यांना पुरत नव्हती हे मला माहीत होतं. नवीन घ्यायची म्हणजे उंच, ऐसपैस, सगळं घर मावेल अशी घ्यायची, हेही ठरलं होतं. ठरत नव्हतं ते पुढचं. हातातल्या पैशांत शोरूममधली कोरी पाच सीटची गाडी येत होती, किंवा जुन्या गाड्यांच्या बाजारातली सात सीटची. सात सीटची म्हणजे आमच्याकडे आहे तीच गाडी. म्हणून छोटूने मला शनिवारी बरोबर यायला सांगितलं होतं. तुमच्या हाताखालून गेलीय, तुम्हाला खोडी कळतील, असं म्हणाला होता.

“काल नाश्त्याला छोटू म्हणाला, पाचचीच घेऊ या, आत्याला कुठे फारसं यायचं असतं,” आत्या म्हणाली. “सहजच म्हणाला गं. वाईट नाही तो. मी लगेच म्हटलं, अरे सातची घेतलीत तर मी बसेन की मागे, मला काय लागतंय. तेव्हापासून घरात तेच चाललंय. मागे आत्या बसेल, मागे आत्या बसेल. जुळे बिचारे रडकुंडीला आले, मागे आम्हालाच बसायचंय म्हणून. पण भावजय म्हणते, नको, ही दोघं मला डोळ्यासमोर हवीत.”

“मग अडलं कुठे?”

“मी बसू शकेन की नाही, ते मलाच माहीत नाही.”

आत्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुडघे दुखतात तरी जिना चढते आणि कुणी विचारलं तर व्यायाम म्हणून सांगते. हॉस्पिटलातल्या तिच्या केबिनला खिडकी नव्हती. ती सगळी वर्षं कचऱ्याचा डबा दाराला अडकवून, दार उघडं ठेवून बसली. साहेब ओरडले, बदलले, नवे आले, तेही ओरडले. डबा हलला नाही. पण ही भीती तिने कधी भीती म्हणून कुणाला सांगितलेली नाही. घरात सगळे तिला जरा हट्टी समजतात, एवढंच.

“आणि नाही बसता आलं तर?” मी विचारलं.

“तर पाचची येईल.” ती अगदी हळू बोलत होती. “आज फिरायला मी नाही. उद्या लग्नाला मी नाही. परवा मोठी सुट्टी, चार दिवस मी एकटी घरात. मग कुणीतरी म्हणेल, एकटी कशाला ठेवायची, थोरल्या भावाकडे पाठवू या. थोरला चांगलाच आहे. पण त्याच्याकडे माझं काय आहे? ही पोरं मी मोठी केली.”

आम्ही खाली गेलो. ती अर्थातच जिन्याने, मीही तिच्याबरोबर.

आमच्या गाडीत मागे जायचं म्हणजे मधल्या सीटची पाठ पुढे पाडायची, ती सीट सरकवायची आणि उरलेल्या फटीतून वाकून आत शिरायचं. माझा नवरा या रांगेला दंडाची जागा म्हणतो. आत्या एक पाय आत ठेवून तशीच उभी राहिली. मग माझं मनगट धरून आत गेली. गुडघे हनुवटीशी आले. बाजूला काच होती, पण मागची काच उघडत नाही, ती नुसती बघायला.

“आता सीट मागे लाव.”

लावली.

“दार बंद कर.”

“असू दे ना उघडं, पहिल्यांदा.”

“ते काय उघडं ठेवून गाडी चालवणारेत? कर बंद. पण तू बोलत राहा.”

मी दार लावलं आणि बाहेरून काचेशी तोंड नेऊन बोलत राहिले. काय बोलले देव जाणे, दुधाचं, बटणाचं, आईच्या पाठदुखीचं. ती आत हसल्यासारखं करत होती. तिच्या वरच्या ओठावर घाम साचत गेला, नजर माझ्या तोंडावरून हलेना, आणि एकदम तिचा श्वास नुसता वरच्या वर चालायला लागला. मी दार उघडलं. बाहेर आल्यावर तिने दोन्ही हात गाडीच्या टपावर टेकले. जरा वेळाने म्हणाली, “पुन्हा.”

पुढचे काही दिवस माझं तेच काम. मी तिला मधल्या सीटच्या पाठीला असलेला कापडी पट्टा दाखवला, तो ओढला की आतूनही सीट पडते. पट्ट्यावर हात ठेवला की तिला जरा बरं वाटायचं. शुक्रवारी ती पट्टा धरून, दार बंद ठेवून, मी गप्प असतानाही बसली. खाली उतरल्यावर केस नीट करत म्हणाली, “बसले की नाही?” परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी दिसत होती, आणि तितकीच घाबरलेली.

शनिवारी आधी शोरूम. कोरी गाडी फिरत्या चौथऱ्यावर ठेवली होती. मुलं धावत जाऊन मागे बसली, तिघं बरोबर मावली, मोठीने मधे बसून नाक मुरडलं. भावजय शाळेत शिकवते, ती प्रत्येक गोष्टीला गुण देत होती. डिकीला दहापैकी सहा, पडद्याला नऊ. शोरूममधला पोरगेलासा माणूस म्हणाला, “फॅमिलीसाठी एकदम परफेक्ट, मॅडम.” आत्या बाहेर सगळ्यांच्या पिशव्या धरून उभी होती.

“ताई, तुम्ही पण बसून बघा ना,” भावजय म्हणाली.

“राहू दे. मुलांना बघू दे.”

बसायला जागाच नव्हती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग जुन्या गाड्यांचं आवार. पत्र्याच्या शेडखाली गाड्या दाटीवाटीने लावलेल्या, काळ्या काचा, सगळ्यांना एकाच सुगंधाचा वास. आमच्या गाडीसारखी करड्या रंगाची सातची गाडी रांगेतच आमच्यासाठी तयार ठेवली होती. छोटूने टायरला लाथ मारली. पुरुष ही लाथ का मारतात आणि टायर त्यांना काय सांगतो, मला अजून कळलेलं नाही. मी बॉनेटवर हात ठेवला तर कोमट. आम्ही यायच्या आधीच कुणीतरी गाडी तापवून ठेवली होती, म्हणजे थंड इंजिन कसं सुरू होतं ते आम्हाला दिसणार नव्हतं. डाव्या मागच्या दाराचा रंग उजेडात बाकीच्याहून जरा उजळ होता. मी पायपुसणं उचललं, खाली सुगंधाच्या आड ओलसर कुबट वास होता. छोटूला सांगितलं. तो एजंटाकडे बघायला लागला. एजंट म्हणाला, “दार घासलं होतं मॅडम, लपवत नाही. वासाचं म्हणाल तर काल धुतलीय.” माणूस बोलायला गोड होता.

“आत्या, मागे बसून बघ बरं,” छोटू म्हणाला.

“या ना आजी, सोफा आहे सोफा,” एजंट म्हणाला.

आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वाकली, शिरली, बसली. उं नाही की चूं नाही. मधली सीट मागे लागली. काळ्या काचेतून तिचा चेहरा नुसता फिकट गोळ्यासारखा दिसत होता. तेवढ्यात जुळ्यांनी दारं उघडझाप करायला सुरुवात केली, तर एजंटाने भावजयला दाराच्या कडेचा छोटा खटका दाखवला. “हा लावला की मागचं दार आतून उघडतच नाही. मुलं सेफ.” त्याने दोन्हीकडचे खटके लावले, दारं ओढून घेतली. भावजयने त्याला दहापैकी दहा दिले.

मग छोटूला गाडीची कागदपत्रं बघायची होती, मुलांना पाणी हवं होतं, एजंटाने चहा सांगितला होता. सगळे बोलत बोलत ऑफिसकडे निघाले. मी त्या उजळ दाराबद्दल छोटूशी बोलत होते. मागे कुठेतरी रिमोटचा ‘टिक’ झाला. आवारात अशा टिकटिकी चालूच होत्या.

ऑफिसात चहा आला. मोठी मुलगी म्हणाली, “एक कप जास्त आहे.”

“आत्याचा असेल,” भावजय म्हणाली. “बाथरूमला गेल्या का?”

मी चहा खाली ठेवला. मला त्या क्षणी काही ऐकू आलं नव्हतं, आठवलं होतं. आमच्या गाडीत सीटच्या पाठीला पट्टा आहे. या गाडीत तो मला दिसला नव्हता.

मी धावत गेले. शेडखाली पत्रा तापला होता. गाड्यांच्या रांगेत करड्या तीन गाड्या, सगळ्यांच्या काचा काळ्या, कुठल्या गाडीकडे वळू कळेना. मग ऐकू आलं. टकटक. थांबून, टकटक. एका बोटाच्या पेराने. ऐकू आलं तर ठीक, अशा बेताने.

मी काचेवर दोन्ही हात ठेवले. आत तिने तोंड काचेला लावलं होतं, आणि तोंडाभोवती काच धुरकट झाली होती. डोळे उघडे होते, पण मी दिसत होते की नाही कोण जाणे. मी ओरडले, “किल्ली आणा.” छोटू आला, एजंट आला, टिक झालं, दार उघडलं, सीट पाडायला एजंटालाही दोन झटके द्यावे लागले. पट्टा होता, तुटून आत गेला होता. पट्ट्याचं टोक शोधता शोधता तिची नखं मोडली होती.

छोटूने तिला काखेत हात घालून बाहेर काढलं. केस कपाळाला चिकटलेले, अंग थंड आणि ओलं. ती म्हणाली, “एक मिनिट हं,” आणि मग पुढे काही बोलता येईना. मी तिला सावलीत खुर्चीवर बसवलं. एका जुळ्याने आपली पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली आणि अर्धी तिच्या मांडीवर सांडली. मी एजंटाला एवढंच म्हटलं की इथून पुढे दार लावण्याआधी आत बघत जा. तो कान धरायचा बाकी होता.

“हाक का नाही मारलीस?” छोटू म्हणाला. तो रागावला होता. “ओरडायचं ना, आत्या. काच फोडायची.”

“तुमचं बोलणं चाललं होतं,” ती म्हणाली.

भावजयने तोंड फिरवून डोळे पुसले. छोटू गाडीभोवती एक फेरी मारून आला, थांबला, आणि ठरवून टाकल्यासारखा म्हणाला, “बस झालं. हिला या पेटीत कोंबायचं आणि आपण पुढे गप्पा मारायच्या, हे मला जमणार नाही. नवीच घेऊ, पाचची. आत्याला त्रास नको. ती घरी निवांत राहील, कधी यायचं असलं तर टॅक्सी करू.”

तो मायेनेच बोलत होता. मी आत्याकडे पाहिलं. काचेआड होता तोच चेहरा पुन्हा, इथे, मोकळ्या हवेत, आणि आता उघडायला दारही नव्हतं. तिची बोटं मांडीवर हलायला लागली. अंगठ्याला एक, दुसरं, तिसरं. पाचाशी येऊन थांबली. मग तिने हाताची मूठ केली आणि खुर्चीच्या लाकडी दांड्यावर टकटक केली, या वेळी मुठीने.

छोटूने मान वळवली.

“जुनी घे, नवी घे, तुला पटेल ती घे,” ती म्हणाली. “मला त्यात दाराजवळची जागा दे.”