मागे राहिलेलं नाव

ऑफिसात सगळे तिला चेकनाका म्हणायचे. कोणाचाही प्रोग्राम तिच्या नजरेखालून सुखासुखी सुटत नसे. "कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या जागेला मालक एकच," ती नव्यांना बजावायची. "मालक गेला की जागा परत गेली. मग तिच्याकडे बोट दाखवणारं काही मागे उरता कामा नये." लिहिलेलं तपासणारा कंपायलर नेमकी हीच चूक पकडतो, म्हणून तो तिला सख्ख्या भावापेक्षा जवळचा.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वृद्धाश्रमातल्या घंटीचा, म्हणजे खाटेवरून कोणी बोलावलं की बाहेरच्या बोर्डावर त्याचं नाव दाखवणारा, प्रोग्राम तिनंच लिहिला होता. तिचे वडील तिथेच राहायला येणार होते, म्हणून घाईघाईत एका ठिकाणी तिनं कंपायलरला गप्प बसवलं, इथलं मी बघते म्हणून. बघायचं राहूनच गेलं, आणि वर्षभरात वडील गेले.

पंधरा दिवसांनी तिथल्या नर्सताईंचा फोन आला.

"ताई, रोज दुपारी तीनला घंटी वाजते आणि बोर्डावर बाबांचं नाव येतं. कामाच्या पोरी तेव्हा त्या खोलीकडे फिरकत नाहीत हो."

 चूक तिला तिथल्या तिथे कळली. वडिलांची नोंद रद्द झाली, जागा परत गेली, पण अक्षरं कोणी पुसली नव्हती आणि घंटी अजून तिकडेच बोट दाखवत होती. दुरुस्ती दहा मिनिटांची. तरी ती म्हणाली, "राहू दे दोन दिवस." बाबा कुठेतरी उरलेत, एवढंच तिला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ते नाव बघायला ती स्वतः गेली. तीन वाजले, घंटी वाजली. नावातलं पहिलं अक्षर गेलं होतं आणि तिथे भलतंच चिन्ह बसलं होतं. ती जागा हळूहळू दुसऱ्या कोणाची होत होती. नर्सताई बोर्डाकडे बघेचनात.

"बाबांच्या खाटेवर आता कोण असतं?" तिनं विचारलं.

"एक आजी आल्यात. वाचा गेलीय त्यांची."

ती धावतच खोलीत गेली. आजींचं बोट बटणावर होतं, ओठ सुकून तडकले होते आणि पाण्याचा जग त्यांच्या हाताला लागणार नाही इतका लांब होता. तिनं त्यांना धरून बसवलं. दोन पेले पाणी त्या घटाघटा प्यायल्या. तिला स्वतःची लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

मग रोज काय होतं ते दाखवायला आजींनी तिच्या देखतच पुन्हा घंटी दाबली आणि त्या दाराकडे बघत राहिल्या. बाहेर बोर्डावर बाबांचं तेच मोडकं नाव लागलं. कोणीही आलं नाही.